खोट्या डॉलरची खेप

पैसे आले होते. फोनवर हिरवी खूण उमटली होती, आकडा ठरल्याबरहुकूम होता, आणि तरी उलोआकूचा जीव जागेवर नव्हता. तिने फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा बघितलं.

"आले ना?" तिच्या नवऱ्याने, ओकेझिएने विचारलं.

"आलेत."

"मग सांग की पोरांना, मशीनं ट्रकात चढवा म्हणून. उन्हाने डोकं उठलंय सगळ्यांचं."

"थांबा जरा."

"कशाला? आकडा दिसतोय ना?"

"दिसतोय हो. पण थांबा."

नायजेरियातल्या आबा शहराच्या बाजारात शिलाई मशीनच्या गल्लीत त्यांचं दुकान. ओकेझिएला तोंड होतं आणि उलोआकूला डोळे, असं गल्लीतले लोक म्हणत. गिऱ्हाईक ओढून आणायचं त्याने, आणि त्याच्याशी सौदा पुरा करायचा तिने. बाजारातली धाकटी माणसं तिला डा उलोआकू म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं.

आजचं गिऱ्हाईक सीमेपलीकडचं, कॅमेरूनचं. न्डिफोर नाव, बामेंडाचा शिंपी. यापूर्वी दोनदा येऊन एकदोन मशीनं घेऊन गेला होता. या खेपेला त्याला वीस हवी होती. त्याच्या मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी होती. गोळीबारात गावं सोडून आलेल्या बायका. त्यांनी भिशी मोडून शिवणकामाची खोली काढायची ठरवली होती आणि खरेदीला या माणसाला धाडलं होतं. तिकडचे फ्रँक आणि इकडचा नायरा यांचं बँकेत कधी धड जमत नसे. म्हणून पलीकडचे व्यापारी हल्ली डिजिटल डॉलर देत. या फोनमधल्या वॉलेटमधून त्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, चहा निवायच्या आत. उलोआकूचा चीनमधला पुरवठादारही तेच घेई.

दारात ट्रक उभा होता. ड्रायव्हर एफिओम कॅलाबारकडचा, जिभेने तिखट. त्याने इंजिन चालूच ठेवलं होतं.

"डा उलोआकू, मी डिझेल जाळतोय की तुमचा वेळ?" तो खिडकीतून ओरडला. "उजेड असेतो सीमेजवळचं इकोम गाठायचंय मला. पुढचा रस्ता काय सासुरवाडीचा नाही."

न्डिफोर बाकावर बसला होता. शर्टाची कॉलर कडक, बूट पॉलिश केलेले. तो हसून म्हणाला, "मॅडम, काही राहिलं का? मी तर सगळे पाठवलेत. बघा, माझ्याकडे पण 'यशस्वी' म्हणतंय."

"राहिलं काही नाही, भाऊ. बघतेय फक्त."

तिला काय खटकत होतं ते तिला स्वतःलाच आधी सांगता येईना. मग लक्षात आलं. एरवी पैसे आले की आकड्याच्या खाली बारीक अक्षरात त्याची नायरातली किंमत दिसे. या वेळी तिथे काहीच नव्हतं. शिवाय डिजिटल डॉलरची तिच्या वॉलेटमध्ये एकच ओळ असायची. आता दोन होत्या. नाव तेच, चित्र तेच. जुनी ओळ होती तेवढीच होती, आणि सगळे नवे पैसे दुसऱ्या ओळीत जाऊन बसले होते.

तिने व्यवहार तपासायची साइट उघडली. ही साइट सगळ्यांना उघडी असते. कुणी कुणाला काय पाठवलं ते तिथे कुणालाही बघता येतं. पण नेट रडत होतं. पांढऱ्या पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत राहिलं. उलोआकू उठून दारात गेली, फोन वर धरला, आत आली, पुन्हा बाहेर गेली. हमाल मशीनच्या खोक्यांवर बसून तिच्याकडे बघत होते.

तेवढ्यात ओकेझिएने बशीत कोला नट, पाहुण्याला देतात ते कडवट फळ, आणून ठेवला. पाहुण्यासमोर कोला फोडला म्हणजे सौदा झाल्यातच जमा.

"एबुबेचे बाबा, ते आत्ता नको," उलोआकू म्हणाली.

"अगं, माणूस सीमा ओलांडून आलाय! काय म्हणेल?" ओकेझिए खालच्या आवाजात म्हणाला, पण त्याचा खालचा आवाजही तीन दुकानं ऐकत. "तिसऱ्यांदा येतोय तो. एवढी मोठी विक्री नाताळपासून झालेली नाही. तू अशी शंका काढत बसलीस तर पुढच्या दुकानात जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणते!"

पान उघडलं. ओकेझिएने तिच्या खांद्यावरून डोकावलं आणि बोट ठेवलं. "हे बघ. ही साइट पण 'यशस्वी' म्हणतेय. आता?"

"पाठवणं यशस्वी झालंय. काय पाठवलंय ते बघू दे मला."

तिने मागच्या महिन्याचा एक जुना व्यवहार काढला. ते पैसे खरे होते. त्यातून तिने चीनला माल भरला होता. साइटवर प्रत्येक नाण्याच्या नावाखाली त्या नाण्याचा स्वतःचा एक लांबलचक पत्ता असतो, आकडे आणि अक्षरं एकात एक मिसळलेली. नाव कुणीही कसलंही ठेवू शकतं. तो पत्ता मात्र दुसऱ्या नाण्याला मिळत नाही. तिने जुन्या व्यवहारातल्या नाण्याचा पत्ता बघितला, मग आजच्या. पहिल्या चार-पाच अक्षरांतच फरक होता. तरी तिची खात्री पटेना. खरं नाणं काढणाऱ्या कंपनीची साइट तिने स्वतः नाव टाइप करून उघडली आणि तिथे छापलेला पत्ता एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचला. जुना व्यवहार जुळला. आजचा जुळला नाही.

आजवर तिने हे फक्त ऐकलं होतं.

"इंजिन बंद कर, एफिओम," ती म्हणाली.

"काय?"

"बंद कर म्हणते ना."

इंजिन थांबलं तशी गल्ली एकदम ओकीबोकी वाटायला लागली. न्डिफोर उभा राहिला.

"भाऊ, तू पाठवलेलं नाणं खरं नाही," उलोआकू म्हणाली. "नाव डॉलरचं आहे. नाणं दुसरंच कुणीतरी बनवलंय. या पैशाने बाजारात कांदासुद्धा मिळणार नाही."

न्डिफोर हसला. मग त्याचं हसू मावळलं. "मॅडम, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी अजून काहीच म्हणत नाहीये."

"चार माणसांत उभं करून म्हणताय! मी बायकांचे पैसे घेऊन आलोय. चर्चमध्ये प्रार्थना करून निघालोय. तुमचा फोन बिघडला असेल!"

"तुझा फोन दे. त्याच्यावर बघू."

त्याने फोन पुढे केला, पण हातातून सोडला नाही. दोघं एकाच फोनवर वाकून उभी राहिली. त्याच्या वॉलेटमध्येही दोन ओळी होत्या. एकीत थोडेसे पैसे, आणि त्या ओळीचा पत्ता खरा. दुसरीत मघाशी मोठी रक्कम होती. ती त्याने आत्ताच उलोआकूला पाठवली होती. तो पत्ता खोटा.

ओकेझिए कान देऊन ऐकत होता. "म्हणजे आपल्या इथे बुटावर इटलीचा शिक्का मारतात, तसं?"

"तसंच. फक्त तो बूट निदान पायात तरी घालता येतो."

कुणी हसलं नाही. न्डिफोर बाकावर बसला, आणि बसला तो एकदम म्हातारा झाल्यासारखा. "दोनदा घेतले मी एका माणसाकडून," तो म्हणाला. "आधी थोडे घेऊन बघितले. ते चालले, त्यातून मी एकाला पैसे पण दिले. म्हणून मग बाकीचे सगळे फ्रँक त्याला मोजून दिले. त्याच माणसाला."

"कोण माणूस?"

तो बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागला. उलोआकूने ताणलं नाही. एफिओम आत येऊन दाराला टेकला होता. ओकेझिए पाणी आणायला गेला. उलोआकूला एका जागी बसवेना. तिने खोक्यांवरची ताडपत्री उगाच सारखी केली, गल्ल्याचं कुलूप ओढून बघितलं. आपण वाचलो याचा आनंद व्हायला हवा होता, आणि होत नव्हता. डोक्यात एकच घोळत होतं, की पाच मिनिटांपूर्वी आपण 'चढवा' म्हणालो असतो तर?

परत वळली तर न्डिफोर फोनवर वाकून काहीतरी टाइप करत होता. त्याचे ओठ हलत होते. डाव्या हातात पाकिटातून काढलेला घडीचा कागद होता, त्याच्याकडे बघून एक शब्द टाइप करायचा, पुन्हा कागदाकडे बघायचं.

"काय करतोयस?"

"मदत मिळाली, मॅडम." त्याच्या आवाजात आशा होती. "आमच्या वॉलेटवाल्यांचा ग्रुप आहे, त्यात मी लिहिलं की असं असं झालंय. लगेच त्यांच्या माणसाचा निरोप आला. व्यवहार उलटवून देतो म्हणाला. फक्त ओळख पटवायला बारा शब्द—"

"सोड!" उलोआकू ओरडली आणि तिने त्याच्या हातावर चापटच मारली. फोन खाली पडला. "किती टाकलेस?"

"मॅडम—"

"किती शब्द टाकलेस, माणसा?"

"नऊ. दहावा टाकत होतो."

तिने फोन उचलून ते पान बंद केलं. "व्यवहार कुणीच उलटवू शकत नाही. बँकेचा साहेब नाही तिथे कुणी बसलेला. आणि वॉलेटवाला तुझे शब्द कधी मागत नाही. ते बारा शब्द ज्याच्या हाती पडले, तुझं वॉलेट त्याचं. तू फोन उशाखाली घेऊन झोपलास तरी तो तिकडून रिकामं करेल."

"पण त्याच्या निरोपावर वॉलेटचं चित्र होतं..."

"डॉलरचं चित्र पण होतंच की!"

न्डिफोरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उलोआकूने मात्र त्याला रडू दिलं नाही. नऊ शब्द कुणीतरी तिकडे बसून वाचले असतील. उरलेल्या तीन शब्दांसाठी ते किती वेळ लावतील, लावतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. न ठाऊक असलेल्या गोष्टीवर ती पैसे ठेवत नसे.

"ऊठ. त्यात खरे थोडे उरलेत ना? ते आधी हलवायचे. नवीन वॉलेट काढ. आत्ता, माझ्यासमोर."

नवीन वॉलेट काढल्यावर फोनने नवे बारा शब्द दाखवले. न्डिफोर ते फोटोत घेऊ लागला तशी तिने त्याला अडवलं. "फोटो नको. कागदावर लिही. फोटो फोनमधून कुठे कुठे जातात ते आपल्याला कळत पण नाही." तिने त्याला बिलाच्या पुस्तकाचा कोरा कागद दिला आणि स्वतः पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मलासुद्धा दाखवू नकोस. एबुबेचे बाबा, तुम्ही पण तिकडे बघा."

"मी काय करणार आहे त्याचे शब्द घेऊन?" ओकेझिए कुरकुरला, पण वळला. एफिओमही वळला. चार माणसांच्या दुकानात तिघं भिंतीकडे बघत उभी, आणि बाहेर हमालांना वाटलं की आत प्रार्थना चाललीय.

मग त्याने आधी एकच डॉलर पाठवला. नव्या वॉलेटचा पत्ता दोघांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचला, कारण सुरुवात आणि शेवट सारखे दिसणारे खोटे पत्तेही लोक बनवतात, असं उलोआकूला पुरवठादाराने सांगितलं होतं. एक डॉलर निघाला. थांबणं आलं. न्डिफोर नव्या वॉलेटकडे बघे आणि जुन्या वॉलेटकडे बघे, तिथला आकडा आपोआप शून्य झाला की काय म्हणून. त्याच्या कपाळावरचा घाम फोनवर टपकला. एक डॉलर पोहोचला. साइटवर बघितलं, नाणं खरं. मग बाकीचे पाठवले. तेही पोहोचले, तेव्हा कुठे उलोआकू ओकेझिएने आणलेलं पाणी प्यायली.

"आता सांग," ती म्हणाली. "कुणी दिले तुला ते खोटे?"

न्डिफोरने शब्दांचा नवा कागद घडी करून पाकिटात ठेवला. "बायकोचा भाऊ. न्क्वेंटी. पण त्यालाही कुणीतरी फसवलं असेल. तो तसा मुलगा नाही."

"असेलही. ते पण बघता येतं."

उलोआकूने त्या खोट्या नाण्याचं पान उघडलं. नाणं कुणाच्या वॉलेटमधून काढलं तो पत्ता तिथे लिहिलेला असतो. न्डिफोरला ज्या पत्त्यावरून पहिले खरे पैसे आले होते, तो त्याने स्वतःच वाचून दाखवला. दुसरी, खोटी खेपही त्याच पत्त्यावरून आली होती. आणि नाणं काढणारा पत्ताही तोच होता.

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने तिन्ही पत्ते वाचले. पुन्हा वाचले. मग म्हणाला, "माझ्या लग्नात त्यानेच मला कोट दिला होता घालायला."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. आता प्रश्न बामेंडाला काय सांगायचं हा होता.

"कस्टमने माल पकडला म्हणून सांग," ओकेझिएने सल्ला दिला. "रोज पकडतात. कोण विचारायला जातंय?"

न्डिफोरने मान वर केली. त्याला हे पटल्यासारखं दिसलं. "तसंच करतो. मग न्क्वेंटीला गाठून गुपचूप पैसे काढून घेतो. बायकोला पण कळायला नको."

"आणि नाही दिले त्याने तर?" उलोआकू म्हणाली.

"देईल."

"तुझी मर्जी. पैसे बायकांचे आहेत, माझे नाहीत. पण त्याने आज तुला विकलं, उद्या तुमच्याच गल्लीत दुसऱ्याला विकेल. आणि तू गप्प होतास हे कळल्यावर त्या तुलाही त्याच्यातच धरतील."

न्डिफोर दारापर्यंत गेला, परत आला. दोनदा फोन कानाला लावून बंद केला. तिसऱ्यांदा लागला. भिशीची मुख्य मा बिह नावाची वयस्क बाई होती. तिचा आवाज एवढा खणखणीत की दुकानात सगळ्यांना ऐकू आला.

"काय रे, मशीनं निघाली का? आम्ही सगळ्या खोलीतच बसलोय, फरशी पुसून!"

न्डिफोरने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सगळं सांगितलं. फक्त नाव सांगितलं नाही. शेवटी पलीकडून मा बिहने विचारलं, "पैसे कुणाकडून बदलून घेतले होतेस तू?"

"मा, ते मी आल्यावर..."

"न्डिफोर. कुणाकडून?"

"न्क्वेंटीकडून."

मग मा बिह हळू आवाजात म्हणाली, "त्याची आई माझ्या शेजारी बसलीय. फोन स्पीकरवर आहे."

उलोआकूने नकळत तोंडावर हात ठेवला. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणाची तरी पावलं, मग दार. कुणीतरी "मा, मा" हाक मारत मागे गेलं. न्डिफोर फोन धरून तसाच उभा होता; त्याची सासूच ती.

"खरे किती उरलेत?" मा बिहचा आवाज परत आला. आता तो बाजारात आलेल्या बाईचा होता.

त्याने सांगितलं.

"त्यात किती येतील?"

उलोआकूने फोनजवळ तोंड नेलं. "चार, मा."

"तू दुकानवाली का? चारमध्ये एक काजं करायचं दे. तीन साधी. आणि मोटर तपासून दे, आमच्याकडे दुरुस्तीवाला नाही."

"देते."

"आणि त्याला रस्त्यात एकटा सोडू नका," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चारांचे खरे डॉलर आले, साइटवर तपासून झाले, तशी चार मशीनं ट्रकात चढली. उलोआकूने चारही सुरू करून बघितली, एकाचा पट्टा बदलून दिला, सुयांची पाकिटं वर टाकली. एफिओमने उरलेल्या जागेत शेजारच्या बूटवाल्याची पोती भरली आणि न्डिफोरला मागे न बसवता आपल्या शेजारी बसवलं. "चल," तो म्हणाला, "रस्ताभर मी बोलतो, तू ऐक. माझ्या बायकोच्या भावाची गोष्ट सांगतो तुला, तुझ्यापेक्षा वाईट आहे." ट्रक गेला. ओकेझिएने कोला नटची बशी उचलून आत नेली.

त्यानंतर कितीतरी दिवस उलोआकूला चैन नव्हतं. पैसे आले की ती खुर्चीवरून उठे. जुन्या गिऱ्हाइकांचे जुने व्यवहार काढून त्यांचे पत्ते तपासे. ओकेझिए चिडवायचा, "मला पण तपासून घे, मी तोच आहे ना?" ती हसायची, आणि पुन्हा फोन उचलायची.

पलीकडची हकीकत एफिओमच्या फेऱ्यांतून तुकड्यातुकड्याने कळत गेली. न्क्वेंटी त्याच संध्याकाळी डुआला शहराकडे पळाला होता. त्याने आणखी काहींना तेच नाणं विकलं होतं, पण बायकांनी गल्लीगल्लीत सांगितल्यामुळे पुढे कुणी घेतलं नाही. त्याची आई महिनाभर भिशीत आली नाही. मग एक दिवस आली, तेव्हा तिने रस्त्याकडची आपली भाजीची जमीन विकलेली होती. अर्धे पैसे तिने भरले. बाकीचे कुणीच भरले नाहीत. न्क्वेंटी काही घरी परतला नाही, आणि न्डिफोरच्या घरात त्याचं नाव निघालं की बायको उठून स्वयंपाकघरात जाई.

पावसाळा संपल्यावर मा बिह स्वतः आणखी मशीनं घ्यायला आबाला आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई, डोक्याला निळा रुमाल. आधी तिने मशीनं बघितली, एकेकाचं चाक हाताने फिरवून. मग बाकावर बसून आपला फोन काढला आणि उलोआकूला म्हणाली, "तुझा पत्ता वाच. मी माझ्याकडचा बघते."

दोघींनी पत्ता वाचला. मा बिहने आधी एकच डॉलर पाठवला, मग बाकीचे. उलोआकूच्या फोनवर हिरवी खूण आली. तिने साइट उघडली. नेट आजही रडतच होतं.

"झालं का?" मा बिहने विचारलं.

"अजून नाही, मा. बघतेय."

"बघ, बघ," मा बिह म्हणाली आणि बाकाला पाठ टेकून तिने पाय लांब केले. "मला घाई नाही."